भिंतीकडचं दार

सोमवार, १०

माझ्या गाडीच्या दारावर कुणीतरी लाल रंग फवारून ठेवलाय. लिहिताना हात थरथरतोय, आणि तो रागाने थरथरतोय हे आधीच नोंदवून ठेवते, नाहीतर पुढे कधी वाचताना मलाच वाटायचं की मी घाबरले होते.

गाडी तशी जुनी, पण मला नवी. दुकान विकलं, त्यातून घेतली. जन्मभर लोकांचे कोट आणि पडदे ड्रायक्लीन केले, आता बायकांना गाडी शिकवणार. पन्नाशी उलटलेल्या आणि घरच्यांनी "तुला नाही जमायचं" म्हणून कायम मागच्या सीटवर बसवलेल्या, तशाच बायका घेणार. वर्ग चोवीस तारखेला सुरू. पहिली शिष्या ठरलीसुद्धा. बँकेतली निवृत्त कॅशियर आहे, हॉर्नला घाबरते, तोही स्वतः वाजवलेल्या. तिच्यासमोर ही गाडी उभी करायची आणि दारावर हे? लोक म्हणतील, हिला स्वतःची गाडी सांभाळता येत नाही, दुसऱ्यांना काय शिकवणार.

रंग शेजारच्या सीटच्या दारावर आहे, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला. गाडी आणि भिंत यांच्यात अंग चोरून उभं राहण्याइतकीच जागा. म्हणजे बघा, रस्त्याकडची अख्खी बाजू मोकळी असताना तो चांडाळ मुद्दाम त्या फटीत शिरला. मधोमध जाड लाल चिखल, खाली ओघळ, आणि वर फडक्याने फासून पार आरशापर्यंत नेलंय. आजूबाजूला पांढऱ्या रंगावर लाल धुरळा बसलाय तो वेगळाच.

हे खाली आले, दार बघितलं आणि हात खिशात घालून उभे राहिले. जन्मभर मोजणीदाराची नोकरी केलेला माणूस, जमिनीचा इंचभर तुकडा इकडचा तिकडे झाला तरी ज्याची झोप उडायची, तो नुसता बघत होता. मग म्हणाले, "निघेल ना गं?"

"माझ्या हातून आजवर काय निघालं नाही?" मी म्हटलं.

दुकानात माझा एकच नियम होता. कपडा आला की हात लावायच्या आधी विचारायचं, "काय सांडलं?" डागाचं कूळ कळल्याशिवाय त्याला डिवचायचं नाही. लोक खोटं सांगायचे, तरी विचारायचं. इथे मात्र विचारायची गरजच नाही. काल संध्याकाळी पार्किंगवरून माझं इमारतीतल्या शिट्टीशी वाजलं आणि आज सकाळी हे. आणखी पुरावा कशाला हवा?

मंगळवार, ११

शिट्टी म्हणजे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. गळ्यात कायम शिट्टी, गाडी रेघेबाहेर गेली की फुर्र. आज त्यांना जिन्यात गाठलं आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की भांडायचं तर तोंडाने भांडा, गाडीवर कसला राग काढता?

माणूस लालबुंद झाला. "बाई, मी शिट्टी मारतो, रंग नाही मारत!"

"मग कोणी मारला? तुम्ही तर पहाटेपासून खालीच असता."

 यावर त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, तिथे आमचे हे दारात उभे होते. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "जाऊ द्या. काही मदत लागली तर सांगा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. एरवी हा माणूस मऊ बोलणाऱ्यातला नाही.

गुरुवार, १३

गॅरेजमधला पेंटर येऊन दार बघून गेला. जीभ टाळ्याला लावून च्यक च्यक केलं आणि म्हणाला, "पूर्ण दार घासून नवं मारावं लागेल, काकू. आणि मग ते दार उरलेल्या गाडीला जुळायचं नाही, म्हणून मागचंही मारू." म्हणजे बटण तुटलं तर हा कोटच नवा शिवणार. चहा पाजून परत पाठवला.

कामाला मीच लागले. डाग कोणताही असो, पद्धत एकच, सौम्यापासून सुरुवात आणि आधी लपलेल्या जागी चाचणी. कोटाला आतली शिवण असते, तशी दाराला आतली कड असते. आधी साबणाच्या पाण्याने माती काढली, कारण मातीसकट घासलं तर आपणच ओरखडे पाडतो. मग दार भिंतीला टेकेल इतपत उघडून कडेवरच्या लाल ठिपक्याला रॉकेलचा बोळा लावला आणि थांबले. लाल उतरला, खालची चकाकी जागच्या जागी. थिनर लावला असता तर लालबरोबर गाडीचाही रंग उतरला असता.

दुपारपर्यंत आरशाजवळचा सगळा धुरळा काढला. हे फटीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले होते, फडकी देत. मी हात पुढे केला की फडकं हातात. दुकानात असा मदतनीस मला एकही मिळाला नाही.

लेकीचा फोन आला, तिला रंगाचं सांगितलं आणि हसण्यासाठी म्हणून मागच्या आठवड्यातली गंमतही सांगितली. आम्ही बाजारात गेलो होतो, मी पिशव्या आवरत होते, यांना किल्ली देऊन पुढे पाठवलं. जाऊन बघते तर हे भलत्याच पांढऱ्या गाडीच्या कुलपाशी झटताहेत आणि त्या गाडीचा मालक ओरडतोय! आजकाल सगळ्यांना पांढरीच गाडी हवी असते, माणसाने ओळखावी तरी कशी? मी सांगताना हसत होते. लेक हसली नाही. तिला हल्ली विनोद कळत नाहीत, ऑफिसात फार काम असतं.

शनिवार, १५

आज गाडी धुण्याच्या सामानाच्या दुकानातून क्ले आणली. कणकेच्या गोळ्यासारखी मऊ वडी असते. दारावर साबणाचं पाणी मारायचं, वडी चपटी करून हलक्या हाताने फिरवायची, रंगाचे कण वडीला चिकटून येतात. मग वडी दुमडायची आणि स्वच्छ बाजू वर घ्यायची. तळव्याला आधी खरखर लागते, मग ती कमी होत होत हात एकदम घसरतो. त्या क्षणी जे सुख होतं ते ज्याने डाग काढलेत त्यालाच कळेल.

हे बघत होते. म्हणाले, "आमच्या मोजणीत उलटं. खूण पुसली की गुन्हा."

"ही काय खूण आहे? हा डाग आहे."

"हं," म्हणाले. थोड्या वेळाने, "पहिला बिंदू पक्का लागतो. तो सापडला की बाकी सगळं सापडतं." नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी यांच्या डोक्यातून मोजणीची साखळी आणि दुर्बीण जात नाही.

यांच्या खिशात रुमाल सापडला, लाल होऊन कडक झालेला. मदत करताना माझ्या नकळत त्यानेही पुसत बसले असणार. रुमाल रॉकेलमध्ये टाकला.

संध्याकाळी भाजी आणायला म्हणून गेले ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा सोबत शिट्टी! दोघं हातात हात घालून, शाळेतले मित्र असल्यासारखे. "वाटेत भेटले, गप्पा मारत आलो," शिट्टी म्हणाले. भाजी नव्हतीच. मी इथे त्या माणसाने केलेली घाण खरवडतेय आणि नवरा त्याच्याशी गप्पा मारतोय. जेवताना बोलले नाही मी यांच्याशी.

रविवार, १६

आमच्या घंटीच्या बटणाखाली एक लाल ठिपका दिसला. त्याच रंगाचा. म्हणजे आता घरापर्यंत मजल गेली! पुसणार होते, पण म्हटलं राहू दे, पुरावा आहे.

मंगळवार, १८

हात दाखवून अवलक्षण.

मधला जाड भाग क्लेला दाद देईना. चोवीस तारीख जवळ येतेय, त्या घाईत कपाटातला नेलपॉलिश काढायचा द्रव बोळ्यावर घेतला आणि त्या जाड भागाच्या कडेला सरळ दारावर टेकवला. लपलेली जागा नाही, चाचणी नाही. दुकानात कुणी असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. रंग उतरला, पण खालची चकाकीही गेली. दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका डाग, तळहाताएवढा. पाणी मारलं, पुसलं, जात नाही.

पहिल्यांदाच वाटलं की मला हे जमणार नाही. रंगाचंच नाही, वर्गाचंही. साठीला दुकान विकून गाडी घेणारी बाई शहाणी की खुळी, हे अजून ठरायचंय. हे जवळ आले, त्या पांढुरक्या डागावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

"तुमचा काय संबंध? उगाच स्वतःवर ओढून घेऊ नका," असं म्हणून मी त्यांना वर पाठवलं. यांचा स्वभावच असा. पाऊस पडला तरी यांना वाटतं आपलंच चुकलं.

गुरुवार, २०

सकाळी लेकीचा फोन. "आई, बाबांना एकदा डॉक्टरांना दाखव."

मी म्हटलं, "का? खातात, पितात, झोपतात. माझ्या गुडघ्यांची चौकशी कर त्यापेक्षा."

"बाबा काल मला फोनवर मावशीच्या नावाने हाक मारत होते."

"मीसुद्धा मारते. तुमचे आवाज सारखेच आहेत."

ती म्हणाली, "आई, तू ऐकतच नाहीस." मी फोन ठेवला. दिवसभर हात कशालाच लावला नाही.

शुक्रवार, २१

आज दुपारी रबिंग कंपाऊंड घेतलं. ही दाट पेस्ट असते, बारीक रवाळ. फडक्यावर थोडी घ्यायची, छोटे गोल फिरवायचे, पुसायचं, बघायचं, परत. दाबायचं नाही. मंगळवारची अद्दल लक्षात होती, त्यामुळे दाराच्या कडेवर आधी चाचणी घेतली.

ओघळ गेले. फडक्याचे फराटे गेले. आणि मधे एक गोल उरला. गोलाच्या आत एक ठिपका. अगदी जवळून, सावकाश मारलेला, म्हणून तोच सगळ्यात जाड. एका बाजूला हात हललेला, बाकी नेटका. माझं फडकं थांबलं.

हा गोल मी ओळखते. लग्नानंतर पहिल्यांदा यांच्याबरोबर मोजणीच्या कामावर गेले होते, तेव्हा यांनी मातीत काठीने काढून दाखवला होता. हा मूळ बिंदू, म्हणाले होते, हा एकदा पक्का केला की जग इथून मोजायचं. आणि हा लाल! अगं बाई, मोजणीच्या खुणांचा हा लाल मी यांच्या शर्टांच्या बाह्यांवरून नोकरीभर काढला आणि आज अकरा दिवस डोळ्यांसमोर असून ओळखला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्या इमारतीला ऐकवून झालं, शिट्टीला जिन्यात धरून झालं. घरात बसलेल्या माणसाला मात्र मी विचारलंच नव्हतं.

हे स्टुलावर बसून फडक्याची घडी घालत होते. मी दुकानात विचारायचे तसंच विचारलं, "काय सांडलं?"

त्यांनी घडी मोडली, परत घातली. मग म्हणाले, "गाडी सापडत नाही गं. सगळ्या पांढऱ्या. म्हटलं मी बसतो त्या दारावर खूण करू, छोटीशी, भिंतीकडून, म्हणजे तुला लगेच दिसायची नाही. पण हात हलला. ओघळ आला. पुसायला गेलो तर पसरतच गेलं."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगणार होतो. पण तू शिट्टीला धरलंस. मग म्हटलं, बरंच झालं."

मला हसूही आलं आणि रडूही. "आणि घंटीखालचा ठिपका?"

"सगळे मजले सारखेच दिसतात. दोनदा वरच्यांच्या दारात किल्ली घातली."

 मग आणखी एक विचारलं, कारण न विचारता अकरा दिवस वाया घालवलेत. "आणि मी? मी ओळखू येते ना?"

"तुला कशाला खूण?" हे म्हणाले. "तू लांबूनच ऐकू येतेस."

मी भिंत आणि गाडीच्या मधे, त्या फटीत उभी राहून रडले. सोमवारी हात रागाने थरथरला असं लिहिलंय. आज भीतीने थरथरतोय. तेही लिहून ठेवते.

शनिवार, २२

सकाळी शिट्टींच्या घरी गेले आणि माफी मागितली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, असं सरळ म्हटलं.

ते म्हणाले, "मी पाहिलं होतं त्यांना रंग मारताना. आणि दोनदा मागच्या इमारतीच्या जिन्यात बसलेले सापडले. माझ्याकडून वचन घेतलं, घरी बोलायचं नाही म्हणून. म्हणाले, तिचा वर्ग सुरू होऊ दे, आत्ता कळलं तर ती सगळं सोडून माझ्यापाशी बसेल."

"म्हणून तुम्ही माझ्या शिव्या खाल्ल्या?"

"शिट्टीवाल्याला शिव्या पडायच्याच. सवय आहे."

लेकीला फोन केला. म्हटलं, तुझं ऐकलं. ती रडायला लागली, तेव्हा तिला रागावले, की रडून काय होणार, चांगला डॉक्टर शोध. तिने आधीच शोधून ठेवला होता. शुक्रवारची वेळ आहे.

आणि वर्ग? पुढे ढकलावा असं रात्रभर वाटत होतं. सकाळी ठरवलं, नाही. यांनी मागच्या इमारतीच्या जिन्यात बसून जो वर्ग वाचवला तो मी बुडवू? हेही येतील, मागच्या सीटवर बसतील. गाडी शिकणाऱ्या बायकांना मागे बसून सूचना न देणारा पुरुष बघायला मिळेल, तेवढंच त्यांचं शिक्षण.

रविवार, २३

दार पूर्ण केलं. अर्धवट निघालेला डाग मी दुकानातून कधी बाहेर पाठवला नाही, तो आता पाठवणार होते होय? गोल काढला, ठिपका काढला. पॉलिश केलं, हात फिरवला, कुठे खरखर नाही. उरला तो माझा मंगळवारचा पांढुरका डाग, तळहाताएवढा. तो पेंटरच्या बापालाही निघायचा नाही.

मग वर जाऊन यांच्या जुन्या पेटीतून लाल रंगाचा फवाऱ्याचा डबा आणला. शर्टाच्या घडीत घालायचे पुठ्ठे अजून माझ्याकडे गठ्ठ्याने पडलेत, त्यातल्या एकात गोल कापला, आणखी एकात ठिपका. आजूबाजूला कागद चिकटवले. हे नको नको म्हणत होते.

"माझ्या दारावर वेडावाकडा रंग चालणार नाही," मी म्हटलं. "नीट मारा. पूर्वी मारायचात तसा."

यांनी डबा हलवला, आतली गोळी खडखडली. मी पुठ्ठा धरला होता. हात मी धरला नाही, हात त्यांचाच. एकदा श्वास घेतला आणि मारला. पुठ्ठा काढला तर पांढुरक्या डागावर लाल गोल, आत ठिपका, कडा एकदम स्वच्छ. इतके खूश झाले की शिट्टींना हाक मारून दाखवला. शिट्टी म्हणाले, "रेघेबाहेर गेलेला नाही, पास."

वाळल्यावर बाकी दाराला वॅक्स चढवला. त्या गोलाला इतक्यात वॅक्स नको, नव्या रंगाला काही दिवस श्वास घेऊ द्यावा लागतो.

सोमवार, २४

कॅशियरबाई आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "सगळी चकाचक आहे, पण इथे काहीतरी लागलंय हो."

"लागलेलं नाही, लावलंय," मी म्हटलं. "बसा. आधी हॉर्न वाजवा."

दहा मिनिटं बटणावर नुसतं बोट ठेवून बसल्या. मागून हे म्हणाले, "वाजवा, वाजवा. आमच्याकडे सवय आहे आवाजाची." मग वाजवला, आणि स्वतःच दचकून हसल्या. गल्लीच्या टोकापर्यंत पहिल्या गिअरमध्ये गेलो आणि आलो. जाताना म्हणाल्या, पुढच्या वेळी बहिणीलाही आणते.

शुक्रवार, २८

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. चित्रं दाखवली, गोळ्या लिहून दिल्या, हळूहळू हा शब्द पुष्कळदा वापरला. बाकी जे म्हणाले ते आज लिहायला हात होत नाही. उद्या लिहीन, किंवा लिहिणार नाही.

गोळ्यांसाठी रांग होती. हे उभे राहून कंटाळले, म्हणाले, मी गाडीत बसतो. लेकीने मान हलवून नको म्हटलं. मी किल्ली दिली.

काचेतून पार्किंग दिसत होतं. गाड्याच गाड्या, अर्ध्याहून जास्त पांढऱ्या. हे पहिल्या रांगेपाशी थांबले. एका गाडीजवळ गेले, वाकले, पुढे निघाले. दुसऱ्या गाडीजवळ गेले, तीही सोडली. लेक बाहेर पळणार होती, मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. माझी रांग पुढे सरकली तरी मी हलले नाही, मागचा माणूस कुरकुरला. हे मधल्या रांगेत शिरले आणि उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग दोन पावलं मागे आले, दारावर तळहात ठेवला, किल्ली फिरवली आणि आत बसले.

मी गोळ्या घेत होते तेव्हा बाहेर हॉर्न वाजला. मग पुन्हा, लांब. सगळा दवाखाना वळून बघायला लागला. धावत गेले तर हे पट्टा लावून बसलेले, म्हणाले, "किती वेळ लावतेस? मी कधीचा येऊन बसलोय."